कालिन साहेबांचा पाय

त्या हिवाळ्यात आमच्या ओळीतल्या आठही घरांचे ड्राइव्हवे लोक उठायच्या आत साफ व्हायला लागले. नुसते साफ नव्हे. बर्फाच्या कडा दोरी लावून कापल्यासारख्या सरळ, कोपरे काटकोनात आणि बाजूचे ढीग सगळे एका उंचीचे. कॅनडातल्या या रेजिना शहरात शेजारी एकमेकांचा बर्फ काढतात, ती इथली रीतच आहे; पण कोपरे कुणी काढत नाही. सात नंबरच्या युक्रेनियन आजींना वाटलं, सिटीनं नवीन मशीन आणलंय. मला वाटलं, कुणाचं तरी घरात बिनसलंय आणि माणूस बाहेर येऊन राग काढतोय.

एकदा मीच लवकर उठले आणि खिडकीतून पाहिलं. माकडटोपी, खाकी ओव्हरकोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेला एक म्हातारा माझ्या दारात शोव्हलनं, म्हणजे बर्फाच्या फावड्यानं, बर्फ काढत होता. एक घर झालं की तो शोव्हल खांद्यावर घेई, पुढच्या घरापर्यंत पावलं टाकत जाई आणि तिथे परत खाली उतरवी. मी घाईघाईनं तशीच बाहेर गेले आणि थँक यू म्हटलं. त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"ताई, मायनस सव्वीसमधी सपाता घालून कोण भाईर येतं?"

रेजिनात, पहाटे, बर्फात उभ्या असलेल्या परक्या माणसानं मला ताई म्हटलं.  तुम्हाला कसं कळलं मी मराठी, असं विचारलं, तर त्यानं शोव्हलनं माझ्या खिडकीकडे दाखवलं.

"आकाशकंदील उतरवला न्हाई अजून. दिवाळी होऊन महिना झाला."

त्याच दिवशी मी तो उतरवला.

हे सुभेदार हिंदुराव शेलार. साताऱ्याकडचे, कोरेगावच्या बाजूच्या एका लहान गावाचे. त्या गावात म्हणे प्रत्येक घरातून एक माणूस पलटणीत जातोच. ज्या घरातून जात नाही त्या घरात मुलगी देताना लोक विचार करतात. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, शेती केली, बायको गेली आणि मग मुलानं इथे आणलं. मुलगा सचिन पोटॅशच्या खाणीत इंजिनियर, आठवडा खाणीवर आणि आठवडा घरी. सून हॉस्पिटलात नर्स, शिफ्ट लागेल तशी जाणारी. नात सास्काटूनला कॉलेजात. सुभेदार बेसमेंटमध्ये. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं घरात काही असेल तर तो स्मोक अलार्म, आणि तोही बॅटरी संपत आली तरच.

पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. पाचला उठायचं, अंथरुणाच्या घड्या कडा जुळवून घालायच्या, बुटांना पॉलिश करायचं (जायचं कुठेही नसलं तरी), आठ घरांचा बर्फ काढायचा, मग उभ्यानं चहा. बसून चहा पिताना मी त्यांना पुढेही कधी पाहिलं नाही. जगातल्या सगळ्या बिघाडांना त्यांच्याकडे एकच शब्द होता: ड्रेसिंग. पलटणीत रांग सरळ करण्याला म्हणतात तो. माझ्या कुंड्यांचं ड्रेसिंग ठीक नव्हतं, इथल्या दुकानात फळ्यांवर मांडलेल्या डब्यांचं नव्हतं, आणि सचिनच्या घराचं तर नव्हतंच. "कोण कवा जेवतंय त्याचा पत्ता न्हाई. ह्याला काय घर म्हनायचं? ही तर ट्रान्झिट कॅम्पची तऱ्हा," असं एकदा म्हणाले आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं. मुलाची निंदा केली याची त्यांना लाज वाटली असावी.

रविवारी मात्र ते कुठेतरी जात. सकाळी दहाला ब्लेझर, टाय, छातीवर मेडल्स, वर ओव्हरकोट, हातात पिशवी. पायात मात्र बर्फाचे बूट न घालता ते पॉलिश केलेले काळे बूट. एका रविवारी थंडी मायनस तीसच्या खाली गेली होती आणि ते बसस्टॉपवर ताठ उभे होते. रविवारी बस तासाला एक. मी गाडी थांबवली, आत बसा म्हटलं. बसले.

"कुठे सोडू?"

"साहेबांकडं," म्हणाले. "सिमेटरीत."

सिमेटरीत त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सगळीकडे पांढरी सपाटी. सुभेदार एका स्प्रूसच्या झाडापाशी गेले, तिथून सव्वीस पावलं मोजली, पिशवीतून ब्रश काढला आणि वाकून बर्फ झाडू लागले. खाली जमिनीच्या पातळीतच बसवलेला एक लहानसा दगड निघाला. त्यावर मेजर प्रेंटिस असं नाव आणि गेल्याचं साल, बाकी काही नाही. दगडाभोवती त्यांनी चौकोन काढला. कोपऱ्यांसह. मग मागे गेले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"साहेब! तुकाराम शेलारचा नातू, शिवराम शेलारचा मुलगा, सुभेदार हिंदुराव शेलार. सब ठीक है, साहेब."

पिशवीतून गुळाचा खडा काढून दगडावर ठेवला. साहेबांना गूळ फार आवडायचा. दर रविवारी तो खाऊन टाकणाऱ्या खारीही तिथे आसपास असाव्यात, कारण तिकडे न बघता सुभेदार म्हणाले, "खाऊ दे. साहेब जनावरांचे शौकीन होते."

तेव्हापासून रविवारी मी त्यांना न्यायला लागले, आणि आबा म्हणायलाही. मला तरी रविवारी दुसरं काय होतं? माझा नवरा कॅलगरीला नोकरीला, महिन्यातून एकदा येणार. बाकीचे रविवार मी ग्रोसरी आणि लाँड्रीत काढत असे. सिमेटरीच्या वाटेवर मला साहेबांची सगळी नोकरी ऐकायला मिळाली. सुभेदारांना ती अथपासून इतिपर्यंत पाठ होती, आणि सांगताना एक पायरी चुकली तर ते मागे जाऊन परत सुरू करत.

पलटणीतलं नाव कालिन साहेब. एकोणिसाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन आले आणि आल्या आल्या पलटण पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याला गेली. सुभेदारांचे आजोबा तुकाराम त्यांच्या कंपनीत शिपाई. साहेब शिपायांच्या पंगतीला बसून भाकरी खायचे, आणि मराठी असं बोलायचे की शिव्या ऐकून आजोबांनाही लाज वाटायची. वाळवंटात एका सकाळी साहेबांच्या डाव्या मांडीत गोळी लागली. तुकारामांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि अडीच मैल चालत नदीपर्यंत आणलं. नदीवर दवाखान्याची बोट होती. तिच्यात साहेबांना चढवताना ते शुद्धीवर होते आणि तुकारामला म्हणाले, "गावाकडे भेटू." त्याच संध्याकाळी तुकारामांच्या हाताची दोन बोटं गेली, त्यांना दुसऱ्या बोटीतून हिंदुस्थानात परत पाठवलं, आणि पेन्शन घेऊन ते गावी आले. साहेबांची परत भेट झाली नाही.

वीस-बावीस वर्षं गेली. दुसरं युद्ध सुरू झालं. साहेब आता मेजर. तुकारामांचा मुलगा शिवराम, म्हणजे सुभेदारांचे वडील, भरती झाला आणि बापाच्याच कंपनीत पडला. निघताना बापानं बजावलं होतं: कंपनीत कालिन साहेब असतील तर त्यांना विचार, मांडी दुखते का अजून?

"आन् विचारलं!" इथे सुभेदार दर वेळी डॅशबोर्डवर हात मारत. "वीस वर्साचा रंगरूट. मेजरसमोर उभं ऱ्हाताना लोकांची बोबडी वळायची. पन बाबांनी सॅल्यूट मारला आन् म्हनाले, साहेब, तुकाराम शेलारनं विचारलंय, मांडी दुखते का अजून?  साहेब बाबांकडं बघत ऱ्हायले. आन् मंग म्हनाले, थंडीत दुखते. पन चालतो मी. सांग बापाला."

शिवरामांना साहेबांनी आपल्याजवळ ठेवून घेतलं. आफ्रिकेत, मग इटलीत. साहेब डावा पाय जरा ओढत. पण परेडला उभे राहिले की कुणाला कळूसुद्धा देत नसत, ताठ चालत. काय ती जिगर! देश स्वतंत्र झाल्यावर साहेब कॅनडात गेले. काही वर्षांनी गावात एक कार्ड आलं. ते कार्ड सुभेदारांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रुमालात, त्यावर परत पिशवीत ठेवलेलं होतं. बर्फातल्या चर्चचं चित्र, आणि आत इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर: इथे थंडी फार. थंडीत पाय दुखतो, पण चालतो. वडिलांना सांग. तुझा साहेब. पाकिटाच्या मागे पत्ता रेजिनाचा आणि नाव प्रेंटिस. कालिन हे पलटणीतलं नाव, प्रेंटिस हे कागदावरचं. शिपाई साहेबाचं खरं नाव कधी घेतात का?

"मास्तरांनी पारावर वाचून दाखवलं. मी तवा लहान हुतो, पन ध्यानात हाय. आज्यानं तीनदा वाचायला लावलं. आन् मंग म्हनला, बरं झालं, चालतोय."

मुलाला नोकरी रेजिनात लागली तेव्हा सुभेदारांना तो दैवाचा संकेतच वाटला होता. दुसऱ्या कुठल्या गावात असती तर आलो नसतो, असं ते म्हणत. आल्यावर पाकिटावरच्या पत्त्यावर विचारत विचारत ते त्या दगडापर्यंत पोहोचले होते. सचिनला हे माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा माझा आहे. मी सरकारात जमिनींच्या जुन्या नोंदी तपासण्याचं काम करते. वीस वर्षं हेच करतेय. चुकीची नोंद दिसली की मला ती दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. माझी आई म्हणायची, ही मुलगी लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन घेऊन वाचते. तेव्हा एका रविवारी सुभेदार म्हणाले, "ताई, साहेबांची नोकरी एकदा कागदावर आली पायजे. माझ्यामागं कुनाला म्हाईत न्हाई," तर मी उत्साहानं हो म्हटलं. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. मधल्या वीस वर्षांत साहेब कुठे होते ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, थांबा, शोधून काढते.

लायब्ररीत जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म आहेत. प्रेंटिस गेल्याची बातमी एका दुपारी सापडली. चांगली मोठी होती. इथल्या एका मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे. लग्न केलं नाही. एका विधवा बाईंच्या घरी वरची खोली भाड्यानं घेऊन शेवटपर्यंत राहिले. साठीपर्यंत दर हिवाळ्यात तळ्यावर मुलांबरोबर स्केटिंग करायचे आणि शर्यतीत मुलांना हरवायचे. जवळचे नातलग कुणी नाहीत. आणि वय. मी वजाबाकी केली, मग परत केली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मेजर प्रेंटिस पाच वर्षांचे होते.

मग कालिन कोण? त्या युद्धात मेलेल्यांच्या याद्या आता इंटरनेटवर आहेत. अर्ध्या तासात सापडला. लेफ्टनंट कॉलिन्स, तीच पलटण, बसऱ्याच्या दवाखान्यात, जखमेमुळे. तुकारामांनी बोटीत चढवल्यानंतर तो तीनच दिवस जगला होता. वय एकोणीस.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. मी दोन्ही कागद प्रिंट केले, टाइप केलेल्या नोकरीवर दुरुस्त्या केल्या आणि सुभेदारांना घरी बोलावलं. चहा दिला. ते उभ्यानं पीत होते आणि मी वाचून दाखवत होते. हा एक माणूस नाही आबा, हे दोन आहेत. पहिला बसऱ्यात गेला. दुसरा त्या वेळी लहान मूल होता, त्याला कधी गोळी लागलीच नाही. हे पाहा, साठीपर्यंत स्केटिंग करत होता.

त्यांनी कप ओट्यावर ठेवला.

"म्हंजे माझा आजा ज्याला घिऊन आला, तो मेला?"

"हो."

"तिसऱ्या दिवशी."

"हो, आबा."

"मंग माझा बाप खोटं बोलला?"

मी म्हटलं, कदाचित बोलले नसतील, कदाचित या प्रेंटिसनंच त्यांना फसवलं असेल. मला वाटलं, यानं त्यांना बरं वाटेल. त्यांनी कागदांची चौघडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, "ठीक हाय" म्हणाले आणि गेले.

त्या रविवारी ते बाहेर आले नाहीत. पुढच्याही नाहीत. मी गाडी काढून दहाला त्यांच्या दारासमोर उभी राहिले, सचिननं दार उघडलं. "बाबा म्हणतात, टुडे नॉट फीलिंग वेल. अॅक्चुअली बरं झालं. आईसवर स्लिप झाले असते तर? मी तर आधीपासून सांगतोय त्यांना, इतक्या कोल्डमध्ये कशाला जायचं." मी परत आले.

बर्फ काढणं चालू होतं. आठही घरांचं. पण सोमवारी मी दार उघडलं आणि पाहिलं: कडा वाकड्या होत्या. कोपरे काढलेच नव्हते, कसाबसा बर्फ बाजूला सारलेला. मी तिथेच उभी राहिले आणि मला रडू आलं. ऐंशी वर्षांच्या माणसाकडे आई-बाप, बायको, गाव यातलं काही उरलेलं नव्हतं. एक गोष्ट उरली होती, तीन पिढ्यांची, आणि तीसुद्धा मी तपासून घेतली. कुणी मागितलं होतं? मधली वीस वर्षं साहेब कुठे होते ते ठाऊक नाही, एवढंच ते म्हणाले होते.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी पावणेदहाला दारावर थाप. सुभेदार ब्लेझर, टाय, मेडल्ससह उभे. हातात माझे ते कागद, घड्यांवर झिजलेले.

"ताई, ह्ये परत वाचा. बर्फावर पळायचा खेळ. किती वर्सांपत्तुर?"

"साठीपर्यंत."

"आन् कार्ड कवा आलं? त्याच्या आधी का नंतर?"

मी हिशेब केला. कार्ड आलं तेव्हा प्रेंटिस चाळिशीत होते. म्हणजे तळ्यावर शर्यती जिंकत होते, त्याच हिवाळ्यात लिहिलं होतं की थंडीत पाय दुखतो.

सुभेदार हसायला लागले. मी त्यांना मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. दारातच उभे राहून, भिंतीला हात टेकून हसले, डोळे पुसले.

"मी रोज ईचार केला ताई. आमच्यात कंपनीला नाव पडतं ते पयल्या साहेबावरनं. पुढं जो ईल तो त्याच नावाचा. मी भरती झालो तवा आमचा कंपनी कमांडर देशमुख हुता, आपल्या नगरचा. त्यालापन म्हातारे हवालदार कालिन साहेबच म्हनायचे! मला म्हाईत हुतं की. अठ्ठावीस वर्सं नोकरी केली, ह्ये म्हाईत हुतं. पन घरच्या साहेबाला लावून बघायचं कधी डोक्यातच आलं न्हाई."

आम्ही गाडीत बसलो. त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले:

"बाबा सांगायचे, साहेब परेडला सरळ चालायचे, पन बाबा समोर आले की डावा पाय वडायचे. आमी म्हनायचो, बघा, काय जिगर, परेडला दुखनं दाबतोय. दाबत न्हवता ताई. नसलेलं दुखनं काढत हुता. बाबांपुरतं. सगळी लढाई. आफ्रिकेत, इटलीत, बाबा दिसले की लंगडायचं. ध्यानात ठिवून, डावाच पाय."

"पण का आबा? सरळ सांगायचं ना, मी तो नाही म्हणून."

"बाबाचं तोंड बघून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोर रस्त्याकडे बघत होते. "वीस वर्साचं पोर. एवढ्या लांबनं बापाचा निरोप घिऊन आलंय. त्याला काय सांगायचं, तुझ्या बापानं पाठीवर आनला तो तिसऱ्या दिशी गेला? त्यो गडी म्हनला, जाऊ दे, मीच हुतो तो. आन् मंग मागं फिरता येईना त्याला. हितं आला, तरी कार्ड लिहिलं. माझा आजा मेला ना ताई, त्याला शेवटपत्तुर वाटत हुतं, आपन आनलेला मानूस चालतोय."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "आन् त्या साहेबाचं तरी कोन हुतं? वरच्या खोलीत एकटा. त्याला तरी आयुष्यात कुनी ईचारलं आसंल का, पाय दुखतो का म्हनून?"

सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे काढली. माफी माझ्याकडून राहूनच गेली, आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

सिमेटरीत त्यांनी सव्वीस पावलं मोजली, दगड झाडला, चौकोन काढला. कोपरे काटकोनात होते. सॅल्यूट केला, रिपोर्ट दिला. गूळ ठेवला. मी निघायला वळले, तर ते तिथेच.

"ताई, बसरा कुठल्या अंगाला येतं?"

मी पूर्वेकडे हात केला. तिकडे नुसतं कुंपण होतं आणि पलीकडे रिकामं गव्हाचं शेत, बर्फाखाली. सुभेदार टाचेवर वळले, बूट आपटला आणि त्या शेताकडे तोंड करून दुसरा सॅल्यूट ठोकला. पहिल्याहून जास्त वेळ हात कपाळाशी राहिला. रिपोर्ट मात्र मनातल्या मनात दिला, मला ऐकू आला नाही. त्यानंतर दर रविवारी दोन सॅल्यूट असत आणि गुळाचे खडे दोन.

पुढच्या वर्षी सचिनला बढती मिळाली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या खाणीवर, उत्तरेला, पाच तासांच्या वाटेवर. गाव कसलं, दोन पेट्रोल पंप आणि एक शाळा. घर विकलं. सूनबाई इथलीच नोकरी महिनाभर पुरी करून मागाहून जाणार होती. सुभेदारांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. शेवटच्या रविवारी सिमेटरीतून परत येताना त्यांनी ब्रश माझ्या गाडीतच, मागच्या सीटवर ठेवला.

"जमलं तर जावा कवातरी. न्हाई जमलं तरी साहेब काय म्हनायचे न्हाईत."

"जाईन," मी म्हटलं. "दोघांकडे जाईन."

निघायच्या दिवशी सकाळी सचिन ट्रकवर सामान बांधत होता आणि सुभेदार कडेला उभे होते. बूट पॉलिश केलेले. हातात ती एक पिशवी, ज्यात पिशवी, रुमाल, पिशवी आणि कार्ड. त्यांनी त्या दिवशीही आठही ड्राइव्हवे काढले होते. सात नंबरच्या आजींनी त्यांना ब्रेडचा गरम गोळा कापडात बांधून दिला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. सुभेदारांनी मराठीत उत्तर दिलं. दोघांचंही बोलणं नीट पूर्ण झालं.

मी कधीपासून आवरून धरलं होतं. तोंडातून तेच निघालं जे विचारायचं नव्हतं.

"आबा, तिकडे एकटं नाही ना वाटणार?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. 

"न्हाई ताई. तिकडं लई मानसं हायत आपली. साताऱ्याकडचीबी हायत, सचिन म्हनत हुता. करमंल मला."

मी त्या गावाची सगळी माहिती आधीच काढली होती. माझ्या स्वभावाप्रमाणे, दोनदा तपासून. तिथे मराठी माणूस एकही नव्हता.

"मग बरं झालं," मी म्हटलं.